दुसरं घर कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, घरात आपला शब्द चालतो, पण घराच्या कागदावर आपलं नाव असतं का? खरं सांगते, लग्नाला वीस वर्षं झाली तरी मला हा प्रश्न पडला नव्हता. पडला तो लातूरला फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा.

आमचं नांदेडचं घर ह्यांच्या नावावर. मुलगी दहावी झाली आणि ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला निघाली. तिच्यामागून धाकटाही जाणार. चार वर्षं भाडं भरण्यापेक्षा ३० लाखांचा लहानसा फ्लॅट घ्यावा, असं ठरलं. माझं थोडं सोनं, माझ्या विम्याचे पैसे आणि बाकीचे ह्यांचे.

तेवढ्यात लंडनच्या भाच्याने फोनवर घाबरवलं. “मामी, दुसरं घर? जादा कर बसेल हं!” त्यांच्या इंग्लंडात एक घर असताना दुसरं घेतलं की खरेदीवर वरचा कर लागतो. २०१६ पासून तो ३ टक्के होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून ५ टक्के. म्हणजे आपले दीड लाख! मला रात्रभर झोप नाही.

दस्त लिहिणारे गृहस्थ मात्र हसले. “ताई, आपल्या महाराष्ट्रात घरं मोजून स्टॅम्प ड्यूटी घेत नाहीत. पहिलं घर असो की पाचवं, दर तोच. करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत, यांत जी जास्त तिच्यावर आकारणी.” मग चष्मा पुसत म्हणाले, “उलट घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे. १ एप्रिल २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली.” ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी अट आधी होती, तीही २०२३ मध्ये निघाली.

३० लाखांवर १ टक्का म्हणजे ३० हजार. नोंदणीची फी तेवढीच. एकीकडून गेलं ते दुसरीकडून वाचलं.

पण हे गप्प झाले. घरी आल्यावर म्हणाले, “दोघांची नावं टाकू. लोक काय म्हणतील?” आणि बायांनो, खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले, “राहू द्या, दोघांचीच टाका.” मलाच धीर होईना.

सासूबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “का रं, तिनं माहेरचं रान सोडलं, तवा लोक काय म्हणतील म्हणून इचारलं होतंस का?”

खरंच, रजिस्ट्री कचेरीची पायरी मी त्याआधी एकदाच चढले होते. भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करायला. चहा पाजला, साडी दिली, सही घेतली. कागद वाचायला कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही.

या वेळी मी दस्त पानपान वाचला. मगच सही केली. ह्यांनी साक्षीदार म्हणून केली.

आता मैत्रिणींनो, चार गोष्टी गाठीला बांधा. खरेदीच्या वेळी घरं मोजत नाहीत, पण आयकरात मोजतात. स्वतःच्या वापराच्या दोन घरांवर मानीव भाडं धरत नाहीत. २०१९ पूर्वी ही सवलत एकाच घराला होती. तिसरं घर कुलूप लावून ठेवलं तरी त्याचं भाडं आलं असं समजून कर लागू शकतो. घर तुमच्या नावावर, पण पैसे नवऱ्याचे असले, तर पुढे येणारं भाडं त्या पैशांपुरतं त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणून कुणी किती दिले, ते चेकने द्या आणि कागद जपून ठेवा.

आणि सूट मिळते म्हणून नुसतं नाव देऊ नका. दस्त वाचा, कळला नाही तर विचारा. सोडायच्या कागदावर तर आधी वाचा. माझं ते वाचायचं राहिलं, तुमचं राहू नये.