जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल

जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल चकाकीवर नव्हे, अस्सलपणावर ठरते. ते रिकामे असल्याची खात्री करूनच पाहणी सुरू करावी. रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीसारख्या धुवाधार पावसाच्या गावात लोखंडाचा मोठा वैरी म्हणजे दमट हवा. म्हणून आधी गंजाचे खड्डे शोधावेत. मग नळीतल्या खाचा, फिरत्या चक्राचा ढिलेपणा आणि भागांवरील क्रमांकांचा मेळ तपासावा. उदाहरणार्थ, १९१५ च्या वेब्ली मार्क सहा या रिव्हॉल्व्हरची अनेक चक्रे पुढे वेगळ्या काडतुसांसाठी घासली गेली. अशा बदलाने किंमत उतरते. नव्याने पॉलिश केल्यास मूळ निळसर झाक आणि शिक्के पुसट होतात. ती हानी कधीच भरून येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार कागदपत्रे चोख असणे, हाही मोलाचाच भाग.