घराचं ॲव्हरेज

बेळगावात आमच्या घरी बंबासाठी लाकडं मिरगाआधी भरली जात. किती गाड्या लागतील, हे सासूबाई परसातला उरलेला ढीग बघून सांगत आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुके. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मी! जळणाचा हिशेब मला कुणी शिकवायला नको, अशा तोऱ्यात २०२२च्या डिसेंबरात मुलाकडे बॉस्टनजवळ पोचले.

तिथं घर उबदार ठेवायला तळघरात तेलाची २७५ गॅलनची टाकी. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला थोडं वर. नोव्हेंबरात भाव गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे चारशे रुपये! खाली बर्नर घुर्र करून पेटला की माझ्या जिवाची घालमेल व्हायची.

३ फेब्रुवारी २०२३ची रात्र. सगळे झोपल्यावर मी हळूच थर्मोस्टॅट ६६वरून ५५वर आणला. अंगावर दोन रजया असताना घर कशाला तापवायचं? त्या पहाटे बॉस्टनला उणे १० फॅरेनहाइट होतं, म्हणजे उणे २३ सेल्सियस. सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर थेंब नाही. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळीत पाणी गोठलं होतं. नळी फुटली असती तर बर्फ वितळताच घरभर पाणी. आमची धारवाडची सून सिंकखालचं कपाट उघडून, केस वाळवायचं यंत्र नळीवर धरून तासभर बसली. मी कबूल केलं तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अत्ती, लेक्का माडी नोडोणरी."

मग वही घेऊन बसलो. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरेनहाइटच्या (१८ सेल्सियस) जितकं खाली, तितके त्या दिवसाचे 'डिग्री डे'. ६५च्या वर माणसं, दिवे, चूल यांच्याच उबेवर घराचं भागतं. सरासरी ३० असली तर ३५ डिग्री डे. बॉस्टनच्या सबंध हिवाळ्यात हे साडेपाच हजारांच्या आसपास भरतात. आदल्या हिवाळ्याची बिलं काढली, तेल ६९० गॅलन. (आंघोळीचं पाणी विजेवर, म्हणून हिशेब सरळ.) भागाकार केला, एका गॅलनला आठ. अगंबाई, हे तर स्कूटरचं ॲव्हरेज! जानेवारीचे हजार-अकराशे डिग्री डे आठाने भागले की कळतं, महिन्याला १३५ गॅलन लागणार, टाकी कधी भरायची आणि पैसे किती बाजूला ठेवायचे. तेलवालेही गाडी कधी धाडायची ते असंच ठरवतात म्हणे.

आणि माझी काटकसर? तशा दिवसाला सात-आठ गॅलन जातं. आठ तास थर्मोस्टॅट उतरवून त्यातलं फार तर दहावा हिस्सा वाचतं. तेव्हाच्या भावाने तीनशे रुपयांच्या आत! एवढ्यासाठी मी घराची नळी फोडायला निघाले होते.

खरी गळती वर होती. शेजाऱ्यांच्या छपरावर बर्फ तसाच, आमच्या छपरावरचा आधी वितळायचा, हे मला रोज खिडकीतून दिसत होतं. अर्थ त्या दिवशी लागला. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांनी माळ्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर घालून घेतला.

आता हिवाळ्यात सुनेचा फोन आला की तब्येतीआधी मी ॲव्हरेज विचारते. परवा साडेनऊ म्हणाली. आमच्या ह्यांची स्कूटर एवढी कधी सुधारली नाही.