सोफ्यावरचा पाहुणा आणि खाली लोळणारा सोंगाड्या

टीव्हीवरची कॉमेडी हा काय चळवळीच्या माणसाने लिहायचा विषय आहे का, असे आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारले. शिष्यवृत्त्या अडकल्यात, गायरानाचे प्रश्न पडलेत, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे तशाच आहेत, आणि तू 'चला हवा येऊ द्या'वर लिहिणार? मी म्हणालो, हो, लिहिणार. आमच्या सभेला पन्नास माणसे जमवताना आमची दमछाक होते. सोमवारी-मंगळवारी रात्री साडेनऊला मात्र अख्खी वस्ती आपापल्या घरात, एकाच वेळी, एकाच वाक्याला हसत होती. २०१४ ला सुरू झालेला हा कार्यक्रम जवळजवळ दहा वर्षे सलग चालला. दहा वर्षे ज्या गोष्टीला आपली माणसे हसली, तिच्याकडे आपण बघायचेच नाही, हा कसला शहाणपणा?

आमचे घर शिरूरला, बहीण दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत. शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला करत दौंड गाठायचे ही आमची नेहमीची वाट. सणाला, आजारपणात, शाळेच्या सुट्टीत कधी ते इकडे, कधी आम्ही तिकडे. त्यामुळे हा कार्यक्रम मी एकट्याने फार कमी बघितला. आई, बहीण, दाजी, भाची आणि शेजारच्या दोन-तीन बाया असा गोतावळा असायचा. आणि खरे सांगायचे तर मी टीव्हीकडे कमी आणि या लोकांच्या तोंडाकडे जास्त बघायचो. कोण कधी हसतेय, कोण कधी गप्प बसतेय.

आई हसायची ती भाऊ कदमांना. ते नुसते आले, काही बोलायच्या आधीच, की ही पदर तोंडाला लावायची. मी एकदा विचारले, "अगं, अजून बोलला पण नाही, कशाला हसतेस?" म्हणाली, "आपल्यातला वाटतो रं." तिला त्यांची जात-धर्म काही ठाऊक नव्हता तेव्हा. डोंबिवलीत पानाची टपरी चालवलेला माणूस आहे, हे तिला मी नंतर सांगितले. "मंग, म्हणलं नव्हतं?" एवढेच ती बोलली.

आता पाहुण्यांचे. थुकरटवाडीत नाटकवाले, मालिकावाले, सिनेमावाले येत. आधी मराठी, मग शाहरुख खान, सलमान खान असे हिंदीतले मोठमोठे येऊ लागले. वर्तमानपत्रांत कौतुक झाले की बघा, मराठी कार्यक्रमाची काय ताकद, हिंदीवाले दारात आले! आमच्याही घरात त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकला गेला. बहीण तर दौंडहून फोन करून सांगत होती, लावलंय का, लावलंय का. पण तास संपता संपता आईने जे म्हटले ते मला कुठल्याच समीक्षकाकडून ऐकायला मिळाले नाही. "ह्यो त्याचा पिच्चर इकाया आलाय. बाजारात मेथी घिऊन बसत्यात तसा. पर मेथीवाल्याला कुणी ओवाळत न्हाई."

बारकाईने बघा. पाहुणा सोफ्यावर. कलाकार समोर जमिनीवर पडतोय, लोळतोय, साडी नेसून नाचतोय. पाहुणा हसला की कॅमेरा लगेच त्याच्या तोंडावर. म्हणजे विनोद चांगला झाला की नाही हे कोण ठरवणार? सोफ्यावरचा. आपण घरात बसून त्याच्या हसण्याला हसणार. आणि पाहुणा जितका मोठा, तितका त्याच्यावरचा विनोद बोथट. नवख्या मालिकेतल्या नटाची टोपी उडवायला हे लोक मागेपुढे बघत नव्हते. सुपरस्टार आला की मात्र सगळी मस्करी आपापसांत. एकमेकांच्या ढेरीवर, काटकुळ्या हातापायांवर, दातांवर, रंगावर.

हे मला ओळखीचे का वाटले, ते सांगतो. माझ्या आईचा एक चुलता तमाशात सोंगाड्या होता. मोठ्या फडात नव्हे, गावोगावच्या यात्रांना जाणाऱ्या लहान फडात. आमच्या या भागाला तमाशा काही नवा नाही. पलीकडे जुन्नर तालुक्यात नारायणगाव, विठाबाईंचे गाव. इकडे दौंड तालुक्यात चौफुल्याची कला केंद्रे. एसटी चौफुल्याला थांबली की आजही काही लोक चेष्टेने एकमेकांना कोपर मारतात, आणि आई खिडकीबाहेर बघत बसते. तर हा चुलता वगात राजाचा नोकर व्हायचा आणि राजाला असा उलटासुलटा करायचा की पुढे बसलेला पाटीलही मांडी थापटून हसायचा. राजाला म्हणजे कुणाला बोलतोय हे पाटलालाही कळायचे आणि मागे उभ्या असलेल्या आमच्या लोकांनाही. कळूनही पाटलाला हसावे लागायचे. ही सोंगाड्याची खरी सत्ता. रात्री चार-पाच तासांची.

सकाळी तोच चुलता बिदागीसाठी वाड्याच्या पायरीखाली उभा. आई लहान असताना त्याच्याबरोबर एकदा गेली होती. "वरून पैसे टाकलं. हातात न्हाई दिलं," एवढेच ती सांगते, आणि पुढचे सांगत नाही.

महाराष्ट्राला हसवणारे कोण होते, हा प्रश्न विचारला की पुस्तकातले उत्तर ठरलेले असते. कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. मी त्यांना कमी लेखत नाही, 'बटाट्याची चाळ' मीही वाचून हसलोय. पण ज्या काळात ही पुस्तके शिकलेल्या घरांत वाचली जात होती, त्याच काळात यात्रेच्या मैदानात हजारो न शिकलेल्या माणसांना रात्रभर जागवून हसवणारे हात-पाय-तोंड बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांचे होते. 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार गाजवणारे दादू इंदुरीकर हे मावळातल्या इंदुरीचे, आपल्याच जिल्ह्यातले. कवलापूरच्या काळू-बाळूंना बघायला लोक बैलगाड्या जुंपून जात. यांच्या विनोदाला 'ग्रामीण', 'रांगडा', 'चावट' अशी विशेषणे लावून वेगळ्या फळीवर ठेवले गेले. तिथून चीज उचलून शहरी रंगमंचावर आणली की तीच कला 'लोकनाट्य' झाली.

आता सोफ्यावर बसणाऱ्या एका वेगळ्या पाहुण्याविषयी. २०१६ ला 'सैराट' आला आणि नागराज मंजुळे आपली सगळी टीम घेऊन थुकरटवाडीत आले. नागराज जेऊरचे. जेऊर म्हणजे दौंडहून सोलापूरला जाणाऱ्या लाइनीवरचे स्टेशन. दाजींच्या दृष्टीने तर तो 'आपल्या लाइनीवरचा पोरगा'. त्या रात्री दाजींनी ड्युटी बदलून घेतली होती. रिंकू, आकाश, परशाचे दोस्त, ही कालपर्यंत कुणाला ठाऊक नसलेली पोरे त्या सोफ्यावर बसली होती. त्या दिवशी विनोद काय झाले ते मला एकही आठवत नाही. बहीण मात्र आठवते. ती हसत नव्हती, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. जाहिरात लागल्यावर म्हणाली, "दादा, हे लोक घाबरल्यासारखे बसले नाहीत रे." अख्ख्या कार्यक्रमात तिने तेवढेच पाहिले होते. आपल्यासारखी माणसे सोफ्यावर कशी बसतात, मांडी चोरून की पाय पसरून.

म्हणून पाहुणे बोलावणेच वाईट, असे मी म्हणत नाही. सोफा कुणासाठी आणि किती वेळा, हा माझा मुद्दा आहे.

पोस्टमनचे पत्र हा त्या कार्यक्रमातला दुसरा भाग. अरविंद जगतापांनी लिहिलेली आणि सागर कारंडेंनी वाचलेली ती पत्रे. पाच मिनिटांपूर्वी हसणारे पाहुणे डोळे पुसायचे. माझे काही मित्र म्हणायचे, हा रडवण्याचा धंदा आहे. असेल. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचे, गावाकडे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांवरचे बोलणे त्या वेळेला त्या चॅनेलवर दुसरे कुणी करत नव्हते. बाकी सगळीकडे दागिने घातलेल्या सासवा-सुना. माझी तक्रार वेगळी आहे. पत्र कुणीही लिहायचे, शेतकरी, सैनिक, आई. पण जात नावाची गोष्ट त्या थुकरटवाडीत जवळजवळ नव्हतीच. गाव आहे, पाटील आहे, पोस्टमन आहे, आणि वेशीबाहेरची वस्ती नाही. असे गाव मी तरी शिरूर किंवा दौंड तालुक्यात बघितलेले नाही.

रंगाचे मात्र भरपूर होते. एकट्या याच कार्यक्रमात नव्हे, सगळ्याच चॅनेलवर. काळ्या रंगावरचा विनोद हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त विनोद. लिहायला अक्कल लागत नाही, हशा हमखास. माझी भाची सावळी, जरा जाडसर. आठवीत असताना तिला वर्गातल्या पोरांनी टीव्हीवरच्या एका सोंगाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. मग नुसती हाक राहिली नाही. नकला, फळ्यावर चित्र. बहीण वर्गशिक्षकांकडे गेली तर ते म्हणाले, "अहो ताई, मुलं आहेत, टीव्हीत बघून करतात, विनोद म्हणून घ्या." विनोद म्हणून घ्या! हे वाक्य आमच्या समाजाने किती पिढ्या ऐकलेय. भाचीने टीव्हीसमोर बसणे सोडले. कार्यक्रम लागला की ती आत जाऊन अभ्यास करायची, आणि आतून आम्हाला हसताना ऐकायची. हे मला फार उशिरा कळले. आम्ही हसत होतो आणि पोर आत बसली होती.

आता माझीच एक गोष्ट, जी सांगायला जड जाते.

सप्टेंबर २०१८ मध्ये भाऊ कदमांनी घरी गणपती बसवला म्हणून गदारोळ झाला. बौद्ध असून गणपती? बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली तिसरी प्रतिज्ञाच गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे. शेवटी भाऊंनी समाजाची जाहीर माफी मागितली. त्या चार दिवसांत मीही मोबाइलवर एक लांबलचक मजकूर लिहून सगळीकडे पाठवला होता. बहिष्काराची भाषा होती. 'सोंगाड्या तो सोंगाड्याच' असे एक वाक्य मी त्यात लिहिले होते. ज्याच्या आईचा चुलता सोंगाड्या होता, त्याने.

ते वर्ष कसे होते हेही सांगायला हवे. १ जानेवारी २०१८ चे कोरेगाव भीमा. ते गाव आमच्याच तालुक्यात. द्विशताब्दीला आलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, सणसवाडीपर्यंत धूर होता. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही शिरूरच्या बाजारात मान खाली घालून, आजूबाजूला बघत फिरत होतो. राग होता, आणि तो ज्यांच्यावर काढायचा ते हाताला लागत नव्हते. हाताला लागला एक विनोदी नट. आपला होता म्हणूनच लागला. प्रतिज्ञा महत्त्वाची आहे, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. गणपती बसवणे मला पटले नव्हतेच. पण सोफ्यावरच्या पाहुण्यांना आम्ही कधी विचारले नाही की तुमच्या सिनेमात आमचा माणूस कुठे आहे. जमिनीवर लोळणाऱ्याला मात्र दारात उभे करून हिशेब मागितला.

आईने तो मजकूर शेजारच्या पोराकडून वाचून घेतला होता. रात्री जेवताना म्हणाली, "त्यानं चूक केली आसल. तू त्याला घरी जाऊन सांगितलं आसतं का?" मी म्हणालो, तो मुंबईकडचा माणूस, मी कसा जाणार? "मंग चावडीवर कशाला सांगितलं?" मला उत्तर देता आले नाही. बोलणे तिथेच संपले. मजकूर मी काढून टाकला, पण पाठवलेला मजकूर कुठे परत येतो?

आपल्याकडे विनोदाचे वावडे नव्हते हो. सत्यशोधकांचे जलसे बघा, नंतरचे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे बघा. तमाशाचाच साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणातला गणपती गेला, गवळणीतली थट्टा गेली. सोंगाड्या राहिला. तो आता भटजीला प्रश्न विचारू लागला, सावकाराला विचारू लागला, आणि गळ्यात गंडेदोरे बांधणाऱ्या आपल्याच माणसालाही सोडत नव्हता. आज आमच्या जयंतीच्या स्टेजवर डीजे आहे, भाषणे आहेत, सत्कार आहेत, शाली-नारळ आहेत. सोंगाड्या नाही. तो आम्ही टीव्हीला देऊन टाकला आणि मग टीव्ही त्याचे काय करतो म्हणून ओरडत बसलो.

मागच्या एका जयंतीला दौंडला बहिणीच्या वस्तीत मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले होते. स्टेजसमोर पहिल्या रांगेत मला सोफ्यासारखी गुबगुबीत खुर्ची, गळ्यात हार. भाषणाआधी पोरापोरींचे छोटे नाटक होते. भाची आता कॉलेजला आहे. ती शर्ट-पँट घालून आली, खांद्याला झोळी, नाकावर चष्मा सारखा वर सरकवत. बोलायला लागली आणि दोन वाक्यांत माझ्या लक्षात आले की हा मी आहे. "बांधवांनो, मी फक्त दोन मिनिटं घेणार" म्हणत ती पाच मिनिटे हलेना. मधूनच मोबाइल काढून कुणाला तरी समाजातून काढून टाकायची, परत झोळीत ठेवायची. शेवटी तिच्या मैत्रिणीने हातातला माइक ओढून घेतला तरी ही बिनमाइकची चालूच.

वस्ती लोटपोट. माझ्या शेजारी आई बसली होती. तिने पदर तोंडाला लावला नव्हता, तोंड उघडे टाकून हसत होती. सगळे जण माझ्याकडे वळून वळून बघत होते, पाहुणा हसतोय का म्हणून.

दाजींनी नंतर विचारले, "हसलात का नाही?" मी म्हणालो, हसलो की. खरे तर मधल्या वेळात मी पाणी प्यायचे निमित्त करून खुर्चीतून उठलो होतो, आणि मागे जाऊन, उभ्या असलेल्या पोरांमध्ये थांबून शेवटचे दोन मिनिटे बघितले.