व्होडकाऐवजी व्हिनेगर

बडोद्याला समुद्र नाही, दारू परवान्याशिवाय मिळत नाही. माझ्या २०० लिटरच्या खाऱ्या टाकीत नायट्रेट ४० पीपीएमवर गेलं आणि मऊ प्रवाळ मिटून बसले. परदेशातले हौशी लोक अशा वेळी पाण्यात थेंबथेंब व्होडका घालतात. तिच्यातल्या कार्बनवर जिवाणू पोसतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात, आणि स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. पण माशांसाठी परवाना कोण देणार? मी स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घेतलं. रोज २ मिलि, मग आठवड्याआठवड्याने थोडं वाढवत. पाचव्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं. जिवाणू प्राणवायूही खातात, म्हणून रात्रभर एअरपंप लावून बसले. “लोणचं घालतेस की मासे पाळतेस?” आईने विचारलं. क्लाउनफिश तगला. नायट्रेट आता १५. मात्रा मात्र अर्ध्यावर आणलीय.