दारी आलेले आरोग्य

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी जेऊर मागे टाकून पुढे आली, की केम लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. येथील कुंकू दूरदूरच्या देवघरांत आणि करंड्यांत जाऊन पोहोचते. पण याच मुलखात एके काळी तरणीताठी सून बाळंतपणात दगावली, तर 'सवाष्ण गेली, भाग्याची!' म्हणून लोक मनाचे समाधान करीत. तिला वाचविता आले असते, हे सांगणारे कोणी नसे.

करमाळ्याच्या उत्तरेला जामखेड तालुका आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम आरंभिले. त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आतच मरत. नुसता दवाखाना उघडून हे थांबणारे नव्हते. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकाच हाताशी धरल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकींना तर गावाने आजवर शिवाशिवीमुळे दूरच ठेवले होते. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून शिकवीत. हगवणीने सुकत चाललेल्या मुलाचे पूर्वी पाणीही बंद करीत. या बायका सांगू लागल्या : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात सहा लहान चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, पाजा घोटघोट. औषध चुलीजवळच होते की! पुढील पंचवीस वर्षांत १७६ चा तो आकडा तिसाच्या खाली आला.

गावच्याच बाईला शिकवून उभे करण्याची ही रीत २००५ पासून देशभर 'आशा' या नावाने आली. आज केमसारख्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्या दारी जाते. बाळाचे वजन करते, त्याचे अंग गार तर पडले नाही ना, हे पाहते. ओसरीवरच्या म्हाताऱ्यालाही ती सोडीत नाही.

"आबा, रक्तदाब मोजून घेतला का?"

"मला काय धाड भरलीय?" असे पुटपुटत का होईना, आबा उठतात.

सरकारदप्तरी ती नोकरदार नव्हे, स्वयंसेविका. तिच्या पायपिटीपुढे हा शब्द फारच तोकडा वाटतो. उन्हे कलली, तरी तिची एक वस्ती राहिलेलीच असते; तेथल्या बाळाचा आज सातवा दिवस असतो.