जिवंत पेशीतील चाती

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि एका पेशीच्या दोन पेशी होत होतच ते वाढते. पेशी दुभंगण्याच्या वेळी तिच्यातील रंगसूत्रांचे दोन सारखे वाटे होतात. ही वाटणी चुकली तर नव्या पेशी सदोष निपजतात. मग ही रंगसूत्रे अचूकपणे दोन बाजूंना ओढून नेतो तरी कोण? हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे सतावीत होता.

मारून रंगविलेल्या पेशीत सूक्ष्मदर्शकातून तंतूंची एक आकृती दिसे. ती मध्ये फुगीर व टोकांना निमुळती असे. जणू सूत गुंडाळलेली चरख्याची चातीच! शास्त्रीय परिभाषेत तिला तर्कू म्हणतात. हेच तंतू रंगसूत्रे ओढीत असावेत, असे काहींना वाटे. इतरांची मात्र हरकत होती. दूध नासले म्हणजे त्यात गुठळ्या दिसतात, पण मूळ दुधात त्या नसतात. तसेच पेशी मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांमुळे हे तंतू उत्पन्न होत असतील, असे ते म्हणत. जिवंत पेशीत तर साध्या सूक्ष्मदर्शकातून तंतू दिसतच नसत. वाद मिटविण्यास ते जिवंत पेशीत दाखविणे हाच उपाय होता.

हे काम शिन्या इनोउए या जपानी शास्त्रज्ञाने अंगावर घेतले. त्यांचा जन्म १९२१ साली लंडन येथे झाला. शिक्षण टोकियोत झाले आणि तेथे कात्सुमा दान यांच्यासारखा जीवशास्त्राचा गुरू त्यांना लाभला. दुसऱ्या महायुद्धाने जपान उद्ध्वस्त झाला होता. उपकरणे विकत मिळणे दुरापास्त होते. तेव्हा इनोउए यांनी टाकून दिलेल्या मशीनगनच्या बैठकीवर आपला सूक्ष्मदर्शक उभारला आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात त्याचा दिवा बसविला! संहाराचे साधन जीवनाचे रहस्य पाहण्याच्या कामी आले.

या यंत्राची युक्ती प्रकाशात होती. दिव्याच्या प्रकाशाची कंपने अनेक दिशांनी होत असतात. विशिष्ट स्फटिकातून गेल्यावर ती एकाच दिशेने होऊ लागतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. असे दोन स्फटिक परस्परांना आडवे ठेवले की अंधार होतो. परंतु त्यांच्यामध्ये समांतर तंतूंचा पदार्थ तिरपा धरला, तर तेवढाच भाग उजळतो. पेशीतील तंतूंचा उजेड मात्र फारच मंद! भिंगाच्या काचेत किंचित ताण असला तरी तो उजेड लोपून जाई. म्हणून निर्दोष भिंगे शोधणे आणि यंत्र पुनःपुन्हा सुधारणे, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग झाला.

१९४८ साली ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी नवे यंत्र बांधले. लिलीच्या कळीतील पेशींत आणि एका सागरी कृमीच्या अंड्यांत अखेर ते चमकणारे तंतू स्पष्ट दिसले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने तंतू खरे असल्याचे सिद्ध झाले.

पण एक नवल पुढेच होते. पेशी थंड केली की तंतू नाहीसे होत. ऊब मिळताच ते काही मिनिटांत पुन्हा प्रकट होत. एखाद्याने याला यंत्राचा दोष मानले असते. इनोउए यांनी त्यातच अर्थ शोधला. हे तंतू दोरासारखे कायमचे वळलेले नसून सूक्ष्म कण जुळून बनतात व कण सुटताच विरतात, हे त्यांनी ओळखले. तंतू म्हणजे सूक्ष्म नलिकांचे जुडगे असल्याचे पुढे दिसून आले. एका नलिकेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाइतकी असते. कणांची ही जुळणी व सुटका रंगसूत्रे हलविण्यास कशी साहाय्य करते, हे इनोउए व त्यांचे सहकारी साटो यांनी १९६७ साली मांडले.

अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी काही औषधे याच नलिकांची जुळणी रोखतात आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवितात.

वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत इनोउए यांनी अनेक वर्षे संशोधन केले. २०१९ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी ते निवर्तले. साधने तुटपुंजी म्हणून ते कधी थांबले नाहीत आणि जिवंत पेशीने जे दाखविले ते अनपेक्षित असले तरी त्यांनी नाकारले नाही. चहाच्या डब्यातील त्या दिव्याचा उजेड म्हणूनच इतका दूरवर पोहोचला.