जरा एडिट कर

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी निरोपाचं भाषण व्हॉट्सॅपवर पाठवलं. खाली एकच ओळ : 'जरा एडिट कर.'

माझं अर्धं आयुष्य एडिटरमध्येच जातं. दुसऱ्यांच्या कोडमधल्या अनावश्यक ओळी उडवणं हे माझं रोजचं काम. मी त्याच सवयीने बसलो. बाबांनी लिहिलं होतं, 'घाटात गाडी बंद पडली की मी म्हणायचो, उतरा, जरा ढकलू. तिकिटाचे पैसे मात्र परत नाहीत.' मी केलं, 'प्रतिकूल परिस्थितीतही मी प्रवाशांची सेवा केली.'

बाबांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "चांगलं झालंय. कुणाचं आहे?"

त्या रात्री झोप येईना, म्हणून 'एडिट' शब्द शोधत बसलो. मुळात लॅटिन 'एडेरे'. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'दारे' म्हणजे देणे. म्हणजे बाहेर देणे, लोकांसमोर आणणे. प्राचीन रोममध्ये जो ग्लॅडिएटरांचे खेळ भरवायचा, त्याला 'एडिटर' म्हणत. इंग्रजीतही आधी 'एडिटर' आला, सतराव्या शतकात. 'एडिट' हे क्रियापद त्यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालं. काटछाट हा अर्थ नंतर चिकटला.

मग आपला शब्द आठवला : संपादन. त्याचा जुना अर्थ मिळवणे. आपण यश संपादन करतो, विश्वास संपादन करतो. आणि सरकार करतं ते भूसंपादन.

मी नेमकं तेच केलं होतं. बाबांची जमीन ताब्यात घेऊन तिच्यावर माझा सरळसोट हायवे टाकला होता. मोबदलाही न देता.

मूळ मेसेज चॅटमध्ये होताच. तो परत घेतला. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, एक साल दुरुस्त केलं, लांबलेली दोन वाक्यं तोडली. तोडण्याआधी त्यांना विचारलं.

समारंभात मी मागच्या खुर्चीवर होतो. घाटाचं वाक्य आलं तेव्हा हसण्याआधीच शेजारचे एक ड्रायव्हरकाका पुटपुटले, "पैसे मात्र परत नाहीत."

त्यांना ते पाठ होतं. मी मात्र ते पहिल्याच फटक्यात डिलीट केलं होतं.